भाषांतर : उष्टे की प्रसाद?

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्हांस केमला जाण्याचा योग आला. पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी दौंड सोडते, भिगवणच्या पुढे उजनीच्या जलाशयाचे विस्तीर्ण पाणी दाखविते आणि जेऊर मागे टाकून कुर्डुवाडीच्या अलीकडे केमच्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते. करमाळे तालुक्यातील हे गाव बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे ते कुंकवासाठी. येथील कुंकू पंढरपूर-तुळजापूरच्या यात्रेकरूंच्या हाती पडून घरोघर जाते. उत्तरेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही स्नेह्यांच्या वाड्यात पाऊल ठेवले, तो ओसरीवर एक वाद ऐन रंगात आलेला. त्या वादाची हकीकत हाच आमच्या या महिन्याच्या लेखाचा विषय.

वादाचे कारण असे. घरातील नातू सोलापुरास इंग्रजी घेऊन एम. ए. करीत आहे. त्यास निबंधासाठी विषय मिळाला होता : लॅटिन काव्याची इंग्रजी कवींनी केलेली पद्य भाषांतरे व अनुकरणे. त्याचे आजोबा तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. नातवाच्या तोंडून विषय ऐकताच ते म्हणाले, "अरे, भाषांतर म्हणजे दुसऱ्याच्या पानातले उष्टे. मूळ वाचता येत नाही त्याने खुशाल खावे. पण त्यावर निबंध कसले लिहावयाचे?" आजोबांच्या धाकट्या भगिनी तेथेच निवडण-टिपण करीत बसल्या होत्या. सर्व घर त्यांस आत्याबाई म्हणते. त्यांनी सूप खाली ठेवले आणि शांतपणे विचारले, "दादा, मग मी रोज म्हणते तो वामनपंडितांचा श्लोकही उष्टाच का?"

ओसरीवर एकदम शांतता झाली. आजोबांस उत्तर सुचेना आणि आम्हांसही सुचेना. परंतु प्रश्न मोठा होता, आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या प्रत्येक घरास तो कधी ना कधी सोडवावा लागणार आहे, असे आमच्या मनाने घेतले. म्हणून रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तो विषय पुन्हा काढला.

प्रथम नातवाच्या निबंधाकडे वळू. इंग्रजांस लॅटिन ही आपल्या संस्कृतसारखीच. ती त्यांच्या घरची भाषा नव्हे. तथापि शेकडो वर्षे विद्या म्हणजे लॅटिन असेच समीकरण तेथे होते. व्हर्जिल, होरेस, ओव्हिड, ज्युव्हेनल हे त्यांचे कालिदास-भर्तृहरी. या कवींस इंग्रजीत आणावे कसे, याचा विचार ड्रायडन या कवीने १६८० साली ओव्हिडच्या एका भाषांतरग्रंथाच्या प्रस्तावनेत नीट मांडला. त्याने तीन वाटा सांगितल्या. पहिली शब्दास शब्द, ओळीस ओळ ठेवण्याची. दुसरी कवीचा अर्थ सतत नजरेसमोर ठेवून शब्दांचे बंधन सैल करण्याची. तिसरी अनुकरणाची, म्हणजे मूळ कवीपासून केवळ दिशा घ्यावयाची आणि आपल्या काळात, आपल्या गावात तो जन्मला असता तर काय लिहिता, ते लिहावयाचे. ड्रायडनने स्वतः मधली वाट पसंत केली आणि १६९७ साली व्हर्जिलचे समग्र काव्य इंग्रजीत आणून दाखविले.

"म्हणजे आमच्याकडे होते तेच की!" आजोबा मध्येच बोलले. आणि खरोखर तसेच आहे. पहिल्या वाटेचे उदाहरण इंग्रजीत मिल्टनने घालून दिले. होरेसचे एक छोटे प्रेमगीत त्याने यमक टाकून, लॅटिन वृत्ताच्या शक्य तितके जवळ राहून, जवळजवळ शब्दशः इंग्रजीत उतरविले. विद्वान त्याची वाखाणणी करतात. परंतु ते वाचताना इंग्रजी वाक्य लॅटिन अंगरखा घालून अवघडून उभे आहे असे वाटते. आपल्याकडे सतराव्या शतकात वामनपंडितांनी गीतेची समश्लोकी केली, तीही याच जातीची. श्लोकास श्लोक बसविण्याची ती प्रतिज्ञा मोठी खरी. पण मराठीस त्यासाठी पुष्कळ ठिकाणी श्वास आवरून धरावा लागला आहे.

दुसऱ्या वाटेचा मासला मात्र त्या रात्री ओसरीवरच मिळाला. आम्ही आजोबांस भर्तृहरीच्या नीतिशतकातील तो प्रसिद्ध श्लोक म्हणावयास सांगितले, ज्यात वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचे शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळणार नाही, असा भाव आहे. त्यांनी तो खणखणीत आवाजात म्हटला. मग आत्याबाईंनी वामनपंडितांचा मराठी श्लोक म्हटला. नातवाने कान टवकारले. "आजोबा, चाल एक नाही!" तो उद्गारला.

"नाहीच," आजोबा विजयी मुद्रेने म्हणाले. "मूळ श्लोक पृथ्वी वृत्तात आहे. वामनाने शिखरिणी घातली. वृत्तसुद्धा सांभाळता आले नाही. मग उष्टे म्हणू नको तर काय म्हणू?"

आम्ही नातवास दोन्ही श्लोक कागदावर लिहून लघुगुरू मांडावयास सांगितले. दोन्ही वृत्तांत चरणास अक्षरे सतराच. परंतु पृथ्वीत आठव्या अक्षरावर विसावा, तर शिखरिणीत सहाव्यावर. शिखरिणीची घडण अशी की, आरंभी एक लघू, मग पाच गुरू आणि लगेच पाच लघू. आता मौज पाहावी. वाळूचे कण रगडण्याची क्रिया पहिल्या चरणात ज्या ठिकाणी आली आहे, तेथेच ही पाच लघू अक्षरे एकामागून एक येतात. म्हणजे पंडितांनी वाळू घाण्यात घातली आणि अक्षरेही तिच्याबरोबर भराभर फिरू लागली! मूळ संस्कृत शब्द पिळण्याचा, दाबण्याचा आहे. 'रगडणे' हा शब्द थेट तेल्याच्या घाण्यातला आहे. वाळू, मृगजळ, सशाचे शिंग या तिन्ही अशक्य गोष्टी मुळातल्या क्रमाने जागच्या जागी आहेत. एकही दृष्टांत सुटला नाही, एकही पदरचा घातला नाही. बदलले ते केवळ चालीचे पाऊल. आजोबांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीस वर्षे मी पोरांना सांगत आलो की येथे वृत्त बदलले आहे. ते का बदलले असावे, हे मात्र एकदाही विचारले नाही."

वाचकहो, सद्भाषांतराची खूण आमच्या मते हीच. ते मुळाशी प्रामाणिक राहते, पण मुळाचे ओझे डोक्यावर घेऊन लंगडत नाही.

तिसरी वाट अनुकरणाची. तिच्याविषयीच लोकांचे गैरसमज अधिक. अनुकरण म्हणताच नक्कल आणि नक्कल म्हणताच चोरी, अशी आपल्या मनात साखळी तयार असते. तिचा उलगडा डॉ. जॉन्सनच्या उदाहरणाने होईल. हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. त्याच्या 'रासेलस' कथेचे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले व पुढे विष्णुशास्त्र्यांनी तडीस नेले. आणि १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले. या जॉन्सनने १७३८ साली 'लंडन' नावाचे काव्य प्रसिद्ध केले. ते ज्युव्हेनलच्या तिसऱ्या उपहासकाव्याचे अनुकरण होय. मुळात एक गरीब, सरळ मनाचा गृहस्थ रोम नगरीस कंटाळून दूरच्या शांत गावी निघाला आहे. तेथील लबाडी, महागाई, कोसळणारी घरे, आगी आणि शहरात शिरलेले ग्रीक यांच्यावर तो तोंडसुख घेतो. जॉन्सनने रोमच्या ठिकाणी लंडन घातले, ग्रीकांच्या ठिकाणी फ्रेंच घातले, आणि त्याचा गृहस्थ वेल्सच्या वाटेस लागला.

हे ऐकताच नातू हसून म्हणाला, "मग आजोबा, मी 'मुंबई' नावाचे काव्य लिहितो. चाळीतल्या एका खोलीत बारा वर्षे काढलेला गृहस्थ शेवटी वैतागून केमची गाडी धरतो!" यावर आजोबाही हसले. परंतु तो पोर थट्टेत जे बोलला, त्यात अनुकरणाचे सर्व रहस्य आले. ज्युव्हेनलची तक्रार मुंबईस लागू पडते हे ज्याला दिसले, त्याने ज्युव्हेनल खरोखर वाचला.

जॉन्सनने १७४९ साली ज्युव्हेनलच्या दहाव्या उपहासकाव्याचेही असेच अनुकरण केले. माणूस जे जे मागतो तेच त्याच्या नाशास कसे कारण होते, हा त्याचा विषय. सम्राटाच्या कृपेने शिखरास चढून एका दिवसात धुळीस मिळालेला सेजानस मुळात आहे. जॉन्सनने त्याच्या जागी इंग्लंडचा कार्डिनल वूल्सी आणला. हॅनिबॉलच्या जागी स्वीडनचा लढवय्या राजा बारावा चार्ल्स आणला. मराठी कवीने हेच काव्य हाती घेतले असते तर सेजानसच्या आसनावर त्याने कोणास बसविले असते? सत्तेच्या छायेत माजलेला आणि १७९१ साली पुण्याच्या संतप्त जमावाच्या दगडांखाली मेलेला घाशीराम कोतवाल आम्हांस तत्काळ आठवला. रोमन इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकासही मग ते काव्य घरचे वाटले असते.

आता यातील खरी मेख पाहा. जॉन्सनने 'लंडन' छापताना ज्युव्हेनलच्या संबंधित ओळी पानाच्या तळाशी देण्याचा आग्रह धरला. पोप या कवीने १७३३ पासून पुढील काही वर्षांत होरेसची अनुकरणे प्रसिद्ध केली. त्यांत तर मूळ लॅटिन समोरासमोर छापलेले असे. चोर मुद्देमाल दाराशी टांगून ठेवीत नाही! या कवींस लपवावयाचे काहीच नव्हते. मूळ काय होते व आपण काय केले हे वाचकाने एकाच वेळी पाहावे, आणि दोहोंमधील अंतराचा आनंद घ्यावा, हाच त्यांचा हेतू होता.

भाषांतराने केवळ वाचकाचीच सोय होते असेही नाही. भाषेचेही घर त्याने भरते. सोळाव्या शतकात सरे परगण्याचा उमराव हेन्री हॉवर्ड याने व्हर्जिलच्या महाकाव्याचे दोन सर्ग इंग्रजीत आणले. लॅटिनला यमक नाही म्हणून त्यानेही यमक सोडले. १५४७ साली त्याचा शिरच्छेद झाला. पण इंग्रजीतील निर्यमक पद्याची जी वाट त्याने पाडली, तिच्यावरूनच पुढे शेक्सपीअरची नाटके आणि मिल्टनचे महाकाव्य चालत आले. आपल्याकडेही पंडित कवींनी संस्कृत वृत्ते मराठीच्या अंगवळणी पाडली नसती, तर केशवसुतांस 'आम्ही कोण?' हे सुनीत शार्दूलविक्रीडितात लिहिणे इतके सहज जाते ना. सुनीताचा घाट युरोपातला, वृत्त संस्कृतातले आणि बाणा अस्सल मराठी. असे तीन प्रवाह एका ठिकाणी मिळाले ते कित्येक पिढ्यांच्या उसनवारीमुळेच.

अनुकरणाची वाट आपल्या जिल्ह्यासही परकी नाही. पंढरपुराजवळच्या नाझऱ्याचे श्रीधरस्वामी यांनी १७०२ साली 'हरिविजय' आणि १७०३ साली 'रामविजय' पुरा केला. मूळ संस्कृत कथा. पण सांगण्याची रीत ओवीची, ऐकणारा श्रोता मराठी. चातुर्मासात देवळोदेवळी व घरोघरी या पोथ्या लागत आल्या आहेत. बारामतीच्या मोरोपंतांनी सबंध महाभारत आर्यांत आणले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे शाकुंतल साकी-दिंडीत आणि पदांत आणून पुण्याच्या रंगभूमीवर उभे केले. फार काय, १५७९ साली गोव्यास आलेला फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट लॅटिन विद्येत मुरलेला. परंतु येथील लोकांसाठी बायबलची कथा सांगावयाची वेळ आली तेव्हा त्याने लॅटिन छंद आणला नाही, ओवी हाती धरली. १६१६ साली राचोल येथे छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' याची साक्ष आहे. श्रोता कोण, हे ज्यास कळले त्यास वाट आपोआप सापडते.

आणि येथेच आत्याबाईंच्या प्रश्नाचे खरे मर्म आहे. बोलणे येथवर आल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, संस्कृत सुरू होई आठवीस. आठवीची शाळा तालुक्याच्या गावी. तुला बाबांनी पाठविले, मला नाही पाठविले. तू ओसरीवर श्लोक घोकत होतास तेव्हा मी माजघरात ते कानांनी ऐकत होते. अर्थ कोणी सांगितला नाही. मग आईच्या जुन्या पुस्तकात वामनपंडित सापडले. ज्याला पंक्तीत पानच वाढले नाही, त्याने उष्ट्याचा विधिनिषेध कसा पाळावा?"

हे शब्द त्यांनी रागाने उच्चारले नाहीत. म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. संस्कृताचा अभिमान सांगणाऱ्या आमच्या घरांतून निम्मी माणसे पिढ्यान् पिढ्या न समजलेल्या मंत्रांना हात जोडीत बसली आणि त्याचा विषाद आम्हां पुरुषांस क्वचितच वाटला. इंग्लंडातही फार निराळे नव्हते. लॅटिनची शाळा मुलांसाठी असे, आणि बहुतेक मुलींस व्हर्जिल भेटला तो भाषांतरातूनच.

आम्हांस त्या वेळी विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई आठवल्या. त्यांस गीता समजून घेण्याची फार इच्छा. विनोबांनी प्रथम त्यांस गद्य भाषांतर आणून दिले. पण त्यांस पद्य हवे होते. मग वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. काही दिवसांनी त्या म्हणाल्या की, हेही कठीण जाते. तूच का करीत नाहीस? १९१८ साली मातोश्री निवर्तल्या. विनोबांनी मराठी गीतेस हात घातला तो १९३० साली, आणि ती प्रथम छापून आली १९३२ साली. जिने मागितली तिच्या हाती ती कधीच पडली नाही. तथापि पुत्राने तिचे नाव ठेविले 'गीताई'. यापरते भाषांतराचे समर्थन आम्हांस तरी ठाऊक नाही. विद्वानांच्या सभेत मान मिळावा म्हणून नव्हे, तर घरातल्या एका माणसास समजावे म्हणून ते जन्मास आले.

यातून दुसरीही एक गोष्ट निघते. आत्याबाईंस जे वामनपंडित सोपे वाटले, ते रुक्मिणीबाईंस कठीण वाटले. म्हणजे एकदा झालेले भाषांतर कायमचे पुरत नाही. मूळ ग्रंथ जुना होत नाही, पण त्याची भाषांतरे जुनी होतात. कारण ऐकणारे बदलतात. म्हणूनच 'मेघदूत' मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणले तरी ते पुन्हा चिंतामणराव देशमुखांस आणावेसे वाटले, कुसुमाग्रजांस वाटले, बोरकरांस वाटले, शांताबाई शेळक्यांसही वाटले. यांत कोणी कोणाचा अपमान केला नाही. प्रत्येक पिढीने आपल्या दाराशी तो मेघ पुन्हा बोलाविला, इतकेच.

मग उष्टे कोणते आणि प्रसाद कोणता? दोन्हीही आधी दुसऱ्याच्या पुढे ठेवलेलीच असतात. जे कंटाळून, कसेबसे, मूळ न समजता उरकले जाते, ते उष्टे. अशा भाषांतरांची आजही वाण नाही आणि त्यांच्याविषयी आजोबांचा कडवेपणा योग्यच आहे. परंतु ज्याने आधी मुळापुढे मस्तक नमविले आणि मग ज्यास मिळाले नव्हते त्याच्या हातावर ठेवले, त्याचे दान प्रसादच होय. केमच्या माणसांस हे निराळे सांगावयास नको. हळदीवर लिंबाच्या रसाचा आणि टाकणखाराचा संस्कार झाला म्हणजे तिचे कुंकू होते. त्यास कोणी बिघडलेली हळद म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा आजोबा ओसरीवर नवी वही घेऊन बसले होते. डाव्या पानावर त्यांनी भर्तृहरीचा श्लोक स्वच्छ अक्षरांत लिहिला होता आणि उजव्या पानावर आत्याबाई सांगतील तसा वामनपंडितांचा श्लोक उतरवून घेत होते. मध्येच थांबून ते भगिनीस मूळ श्लोकाचा एकेक शब्द फोडून सांगत. त्याही शाळकरी मुलीच्या उत्साहाने तो परत म्हणत. सत्तर वर्षांपूर्वी व्हावयाचा पाठ त्या दिवशी सुरू झाला. नातू निबंधाचे कागद बाजूस सारून ऐकत बसला होता.

आमच्या वाचकांनी आपल्या घरी असा एक प्रयोग अवश्य करून पाहावा. दिवेलागणीनंतर सर्व मंडळी जमतील तेव्हा एक मूळ श्लोक आणि त्याचा एक मराठी अवतार मोठ्याने म्हणावा. काय राहिले, काय सुटले, काय नवे आले, हे घरातल्या सर्वांत लहान मुलास आणि सर्वांत वृद्ध स्त्रीस आधी विचारावे. पंडितांनी त्या वेळी गप्प बसावे. त्यांच्या वाट्यास पुष्कळ काही नवे ऐकावयास येईल, याविषयी आम्हांस संशय नाही.